आवाजाचा भोपळा

टीव्ही घ्यायचा म्हटलं की आपण इंच मोजायला लागतो. साताऱ्यात आई-बाबांसाठी आणि सांगलीत ताईसाठी एकाच महिन्यात खरेदीला निघाले, तेव्हा मोजायचं काहीतरी वेगळंच निघालं.

"अगं, या वेळी जरा मोठाच घेऊ. म्हणजे नीट ऐकू तरी येईल!"

बाबांचा हा फोन आला तेव्हा मी पुण्यात, कोथरूडच्या एका कॅफेत डेडलाईनशी झटापट करत बसले होते. आधी हसूच फुटलं. टीव्ही मोठा घेतला म्हणून ऐकू कसं येईल? पण बाबा सीरियस होते. त्यांचं लॉजिक साधं होतं. लहान टीव्हीचा आवाज लहान, मोठ्याचा मोठा.

साताऱ्याच्या आमच्या घरी गेलं वर्षभर टीव्ही म्हणजे रोजच्या भांडणाचा विषय झाला होता. बाबांचा व्हॉल्यूम ६० वर. आईचं म्हणणं, "आपल्या बातम्या अख्खी सोसायटी ऐकते." शेवटी तिने माघार घेतली आणि मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात मुक्काम हलवला. तिची मालिका ओट्यापाशी, यांच्या बातम्या हॉलमध्ये. एकेकाळी हेच दोघं सोफ्यावर बसून मालिकेतल्या सासूला मनसोक्त नावं ठेवायचे. दिवाळीला घरी गेलं की मला ती कॉमेंट्री मालिकेपेक्षा जास्त आवडायची. ती बंद पडली होती आणि कोणी त्याबद्दल बोलतही नव्हतं.

तुम्हीही नोकरीसाठी गाव सोडून पुण्या-मुंबईत आला असाल, तर तुम्हाला हे पद आपोआप मिळालेलं असणार: फॅमिलीचा टेक्निकल डिपार्टमेंट! पाठीवर लॅपटॉपची बॅग दिसली की गीझरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं आपल्याला कळतं, असा घरच्यांचा ठाम समज असतो. माझी डिग्री मास कम्युनिकेशनची. पण 'कम्युनिकेशन' म्हणजे टीव्ही आलाच ना त्यात!

माझा पहिला प्लॅन सोपा होता. ऑनलाईन जायचं, ६५ इंची बुक करायचा, ईएमआय लावायचा, पत्ता साताऱ्याचा टाकायचा. मुहूर्तही बरा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता आणि दिवाळी तोंडावर होती. त्यात सांगलीहून ताईचाही मेसेज आला, "दाजींना होम थिएटर घ्यायचंय, तू येच." म्हटलं, चला, एका दगडात दोन पक्षी. कार्टमधला ६५ इंची तसाच ठेवला आणि स्वारगेटहून एसटी पकडली.

आधी टेप, मग टीव्ही

घरी गेल्यावर पहिलं काम केलं ते आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढायचं. सोफ्याच्या पाठीपासून भिंतीपर्यंत ८ फूट. सिनेमावाल्यांचा साधारण हिशोब असा असतो की स्क्रीनचा कर्ण जितका, त्याच्या दीडपटीपेक्षा थोडं जास्त अंतर ठेवून बसावं. ४३ इंचीला जवळजवळ ६ फूट, ५५ इंचीला साडेसात, ६५ इंचीला पावणेनऊ. सिनेमाच बघणारे याहून जवळ बसतात, त्यांचं वेगळं. आमच्या हॉलला ५५ पुरे होता. माझ्या कार्टमधले १० इंच इथेच गळाले.

दुसरी गोष्ट मला शोरूममध्ये कळली, तीही अपघाताने. पोवई नाक्याच्या बाजूच्या एका दुकानात आम्ही तिघं गेलो. तिथल्या मुलाने आधी माझ्या मागे पाहिलं. "मॅडम, बरोबर कोणी...?" बाबा दिसल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला आणि पुढची दहा मिनिटं तो बाबांनाच 'क्वांटम डॉट' समजावत राहिला. बाबांना त्यातला 'डॉट' तेवढा ऐकू आला असावा.

स्क्रीनवर काय चालू होतं ते सांगायलाच नको. जगातल्या प्रत्येक शोरूममध्ये तेच चालू असतं. स्लो मोशनमध्ये मध ओघळतोय, रंगीत पोपट उडतोय, पाण्याचा थेंब फुटतोय. डोळे दिपतात हो! पण आमच्या घरी पोपट कोण बघणार? मी म्हटलं, "जरा एखादं मराठी चॅनेल लावता का? साधं, एचडी नको." मुलगा गोंधळला. शेवटी एका कोपऱ्यातला डीटीएच बॉक्स सापडला, त्याने केबल जोडली. आणि मघाशी पोपटाची पिसं मोजता येत होती त्याच ६५ इंचीवर बातम्या देणारी बाई धुरकट दिसायला लागली.

यामागचं गणित घरी बसून केलं. फोर-के स्क्रीनवर साधारण ८३ लाख ठिपके असतात. साध्या एसडी चॅनेलमधून येतात जेमतेम ४ लाख. म्हणजे पडद्यावरच्या दर २० ठिपक्यांतले १९ टीव्हीला स्वतःच्या अंदाजाने भरावे लागतात. स्क्रीन जितकी मोठी, तितका हा अंदाज उघडा पडतो. म्हणून घरी जे बघितलं जातं तेच दुकानात लावून बघा. आणि सेल्समनला न दुखावता 'व्हिव्हिड' मोड काढून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोड लावायला सांगा. दुकानातल्या झगझगीत उजेडात व्हिव्हिड भारी वाटतो, घरी रात्री तोच डोळ्यांवर येतो. हॉलमध्ये समोर मोठी खिडकी असेल तर चांगला एलईडी किंवा मिनी एलईडी परवडतो. ओएलईडीचा काळा रंग लाजवाब, पण तो खुलतो अंधाऱ्या खोलीत. आणि आमचे बाबा संध्याकाळी सगळे दिवे लावून बसणाऱ्या पिढीतले!

ताप की साप?

पण मूळ तक्रार चित्राची नव्हतीच. ती आवाजाची होती.

पूर्वीच्या डब्या टीव्हीत स्पीकर समोरच्या बाजूला असायचे, तुमच्या तोंडावर बोलायचे. आताचा टीव्ही पाटीसारखा सपाट आणि त्याला कडाही उरलेल्या नाहीत. मग स्पीकर जाणार कुठे? खाली किंवा मागे. म्हणजे नट तुमच्याशी न बोलता भिंतीशी किंवा टीव्हीच्या टेबलाशी बोलतो आणि तिथून परतलेलं आपण ऐकतो. वर हल्लीच्या ओटीटीवरचा बराचसा आवाज पाच-सहा स्पीकरसाठी बनवलेला असतो. त्यात संवादांना मधला स्पीकर राखीव असतो. टीव्ही ते सगळं आपल्या दोन छोट्या स्पीकरमध्ये कोंबतो आणि माणसाचं बोलणं पार्श्वसंगीताच्या गर्दीत सापडतं.

यात वयाची भर पडते. वय वाढतं तसं कानाला आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात आणि स, श, त, फ असल्या अक्षरांची ओळख त्यातच असते. 'ताप', 'साप', 'थाप'. यातला 'आ' ठणठणीत ऐकू येतो, पहिलं अक्षर हरवतं. व्हॉल्यूम वाढवला की 'आ' वाढतो, ढोल-ताशे वाढतात, हरवलेलं अक्षर काही परत येत नाही. बाबा ६० वर का जात होते आणि तरीही "काय म्हणाला तो?" का विचारत होते, हे मला तेव्हा लख्ख कळलं. वर्षभर मी त्यांना फोनवर "अहो बाबा, कमी करा ना आवाज" म्हणत होते. असो.

मग दुकानात आम्ही एक खेळ केला. मी मोबाईलचं नेट जोडून एका मराठी चित्रपटातला प्रसंग लावला. दोन माणसं टपरीवर चहा पीत बोलतायत, मागे रस्ता वाहतोय. बाबांना म्हटलं, "पाठ करून उभे राहा आणि ऐकलेलं वाक्य म्हणून दाखवा." पाठ यासाठी की आपण नकळत ओठ वाचत असतो. नुसत्या टीव्हीवर बाबांना निम्मंही जमलं नाही. त्यांनी हसण्यावारी नेलं, पण कान लाल झाले होते. आई गप्प उभी होती.

मुलाने उत्साहाने २.१ चा साऊंडबार लावला. "काका, बेस ऐका, बेस!" काचा थरथरल्या. शब्द जिथल्या तिथेच. मग ३.१ चा लावला. यातला पहिला आकडा म्हणजे कानाच्या पातळीवरचे स्पीकर आणि ३ मधला तो मधला स्पीकर फक्त बोलण्यासाठी. नंतरचा १ म्हणजे सबवूफर. बाबा दाराकडे तोंड करून उभे होते. टपरीवरचा माणूस बोलला आणि बाबा बोलले, शब्दाला शब्द. पुढचं वाक्य, पुन्हा तसंच. तिसऱ्या वाक्याला आईच म्हणाली, "हाच घ्या."

वॅटच्या आकड्यांना भुलू नका, हे जाता जाता सांगते. आपल्या लहानपणी टू-इन-वनवर 'पीएमपीओ' चे हजारो वॅट छापलेले असायचे, आठवतंय? ती जात अजून नामशेष झालेली नाही, फक्त स्टिकर बदललंय. विचारायचंच तर आरएमएस विचारा, नाहीतर सरळ पाठ करून उभे राहा.

बजेट ६० हजारांचं होतं. ५५ इंची साधा फोर-के ४२ हजारांना, साऊंडबार १८ हजारांना. ६५ इंचीच्या नादात सगळे पैसे काचेत गेले असते. 'नो कॉस्ट ईएमआय' चा कागदही मी नीट वाचला. रोख घेतलं तर मिळणारा डिस्काऊंट त्यात मिळत नव्हता, शिवाय प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी होताच. म्हणजे 'कॉस्ट' होती, फक्त बारीक अक्षरात.

फिटिंगवाल्याने मात्र दगा दिला. मी दळण आणायला गेले तेवढ्यात त्याने टीव्ही आजोबांच्या फोटोच्या ओळीत, छताच्या बेतात ठोकला. आपल्याकडे टीव्हीही देवासारखा वर टांगायची पद्धत आहे. सोफ्यावर बसल्यावर नजर स्क्रीनच्या मध्यावर यायला हवी, नाहीतर मान धरते. चार भोकं बुजवून, पुन्हा चार पाडून तो खाली आणला. आणि साताऱ्याकडे वळवाच्या विजा कशा कडाडतात हे ज्यांना माहितीय त्यांना सांगायला नको, पण अर्थिंग तपासून घेतलं आणि आकाश गडगडलं की प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढायची, असं आईला बजावलं. बाबांना बजावून उपयोग नव्हता.

पाण्याची खूण

दोन आठवड्यांनी सांगली. ताईचं घर गावभागात, जुनं, खाली हॉल आणि माडीवर उतरत्या कौलांची खोली. खालच्या भिंतीवर रंगाखाली आजही एक पट्टा पुसट दिसतो, माझ्या खांद्याइतका उंच. २०१९च्या ऑगस्टमधला. तेव्हा आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या घरात गेली होती. धोक्याची पातळी ४५. त्याआधी २००५, त्यानंतर २०२१. दाजींनी २०१८ मध्ये हौसेने होम थिएटर घेतलं होतं, जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर आणि गुडघ्याएवढा सबवूफर. पाणी ओसरल्यावर त्या सबवूफरच्या भोकातून चिखल निघाला. दाजी हे सांगताना हसतात, पण सहा वर्षं त्यांनी त्या जागी काहीच ठेवलं नव्हतं.

म्हणून सांगलीत पहिला प्रश्न स्पीकर किती हा नसतो. पाणी कुठवर आलं होतं, हा असतो. टीव्ही माडीवर जाणार हे ठरलेलंच होतं. भांडण झालं ते पुढे. दाजींना ५.१.२ हवं होतं, डॉल्बी ॲटमॉस, त्यातला शेवटचा २ म्हणजे डोक्यावरून येणारा आवाज. "विमान वरून गेलं पाहिजे!" पण त्यांच्या बजेटमधल्या सेटमध्ये हे स्पीकर छताला लावायचे नसतात. ते आवाज वर फेकतात, सपाट छतावर आपटून तो खाली येतो. इथे तर उतरती कौलं. आवाज जाणार शेजाऱ्यांच्या अंगणात! दाजींनी मला, मग कौलांना, मग आपल्या आजोबांना दोष दिला आणि शेवटी साध्या ५.१ वर आले.

मित्राच्या दुकानातून स्पीकरची वायर आणायला आम्ही मिरजेला गेलो. दाजी मला मुद्दाम सतारमेकरांच्या गल्लीतून घेऊन गेले. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालंय, पण गल्ली होती तशीच आहे. दारोदार भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, कोणीतरी तार छेडून कान लावून बसलेलं. एका कारागिरांना मी सहज विचारलं, भोपळ्याऐवजी सपाट फळी लावली तर? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यातली नुसती फळी घेतली, तिच्यावर बोट मारलं. मग तयार तानपुऱ्याच्या भोपळ्यावर मारलं. एवढंच. काही बोलले नाहीत.

नुसत्या तारेचा आवाज किती किरकोळ असतो! त्याला अंग येतं ते या पोकळीमुळे. स्पीकरचा डबा म्हणजे तंतोतंत भोपळा नव्हे, पण दोघांनाही आतली हवा आणि जागा लागते, हे खरं. साताऱ्याच्या दुकानात मी भिंतीवरच्या त्या देखण्या, बिनकडांच्या टीव्ह्यांसमोर उभी होते तेव्हा काय चुकतंय ते मला सांगता येत नव्हतं. आता आलं. टीव्हीचा भोपळाच काढून टाकलाय आणि आवाजाच्या पेपरात त्याला मिळालाय भोपळा!

माडीवर सेट लागला. पहिल्या दिवशी आवाज घुमत होता. खोलीच्या मध्ये उभं राहून टाळी वाजवा. टाळीच्या मागे 'टिंग' असं शेपूट आलं तर भिंती उघड्या आहेत. त्यासाठी महागडी पॅनेल वगैरे नकोत. ताईने खाली सतरंजी घातली, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट सरकवलं, खिडकीला जाड पडदे लावले आणि शेपूट बरंचसं गेलं. दाजींनी मात्र दोन दिवस केबल चुकीच्या खाचेत घातली होती. टीव्हीच्या मागे चार एचडीएमआय असल्या तरी 'ईआर्क' लिहिलेली एकच असते. आवाज तिथूनच बाहेर पडतो. तिसऱ्या दिवशी भाचीने चष्मा लावून ते वाचलं.

भाची दहावीत आहे, त्यामुळे ताईची अट आधीपासून होती, संध्याकाळी ७ ते साडेआठ माडीला कुलूप. ही आयडिया तिची नाही. सांगली जिल्ह्यातच, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ मध्ये, विजय मोहिते सरपंच असताना, गावाने ठरवलं की ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद, साडेआठला पुन्हा वाजेपर्यंत. सुरुवातीला शिक्षक, आशा सेविका, अंगणवाडीच्या ताई दारोदार फिरून बघायच्या. ताईकडे भोंगा नाही, ती स्वतःच पुरेशी आहे.

पहिल्या रविवारी ताईच्या सासूबाईंना हात धरून माडीवर आणलं. त्या पक्क्या सांगलीकर. म्हणजे विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' इथेच केलं, हे त्या पाहुण्याला पाण्याच्या तांब्याबरोबर सांगणार. दाजींनी युद्धाचा सिनेमा लावला, तोफा डावीकडून उजवीकडे गेल्या, आम्ही सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्या पाच मिनिटं बसल्या. मग म्हणाल्या, "हे सगळं छान आहे रे. माणसं कधी बोलतात?"

दाजींनी एका जुन्या संगीत नाटकाचं रेकॉर्डिंग शोधून लावलं. आवाज खरखरीत, चित्र त्याहून. सगळे स्पीकर गप्प, एकटा मधला बोलत होता. आजी शेवटपर्यंत हलल्या नाहीत. भावे नाट्यमंदिरात माईकशिवाय शेवटच्या रांगेत शब्द कसा पोचायचा, हे मग रात्री जेवताना त्यांनी आम्हाला ऐकवलं, नटांच्या नावानिशी. ते जेवण साडेअकरापर्यंत चाललं.

परतीच्या गाडीत असताना साताऱ्याहून फोन आला. बाबा होते. "अगं, १४ वर ठेवतो आता. चौदा!" मी म्हटलं, "बाबा, एकदा कानाच्या डॉक्टरांकडे पण जाऊन येऊ ना." पलीकडे शांतता. मग, "बघू दिवाळीनंतर." नाही म्हणाले नाहीत, एवढं खूप झालं.

मागून आईचा आवाज आला. तिची वेगळीच तक्रार होती. आता स्वयंपाकघरात तिला टीव्हीतलं काहीच ऐकू येत नाही. त्यामुळे भाजी निवडायला हॉलमध्ये येऊन बसावं लागतं. "आणि ती सासू बघितलीस का कालची?" ती म्हणाली, आणि लगेच बाबाही मध्येच काहीतरी म्हणाले, दोघं एकदम बोलायला लागले आणि मला फोनवर कोणाचंच नीट ऐकू येईना.